पान मोजायचं की नाही

सासऱ्यांची मेडलं मी चिंचेच्या पाण्यात भिजत घातली ती अगदी चांगल्या हेतूने. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या बहुतेक उद्योगांच्या बाजूने शेवटी एवढंच बोलता येतं.

दसऱ्याच्या आधीचा रविवार होता. खंडेनवमीला आमच्या नोएडाच्या फ्लॅटमध्ये शस्त्रपूजा होत असे. शस्त्रं म्हणजे काय, तर बायकोचं शिवणाचं मशीन, विळी, माझा कॅल्क्युलेटर आणि खाली उभी असलेली स्कूटर, जिला हार घालायला मला जिना उतरावा लागे. त्या वर्षी यात दादांच्या पकडीची भर पडणार होती. दादा म्हणजे माझे सासरे. बायको त्यांना दादा म्हणते म्हणून मीही. फौजेत गाड्या दुरुस्त करणाऱ्या खात्यातून ते सुभेदार होऊन निवृत्त झाले होते, आणि जिच्या जिवावर नोकरी काढली ती पक्कड त्यांनी फडक्यात गुंडाळून साताऱ्याहून बरोबर आणली होती. ती पूजेला द्यायला ते लगेच तयार झाले. मेडलांचं नाव मात्र त्यांनी काढलं नाही.

मी थेट मेडलंच काढली, त्यांच्या कपाटातून. देवाची पितळी भांडी घासायचं काम माझ्याकडे असायचं. समई, तांब्या आणि घंटा बादलीत बुडवल्यावरही चिंचेचं पाणी बरंच उरलं होतं, आणि माझ्या मनात आलं, सुभेदाराच्या घरात पकडीची पूजा आणि मेडलं कपाटात, हे काही बरं दिसत नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर मेडलं खरोखरच लखलखत होती. फक्त त्यांच्या फितींमधला लाल, हिरवा, निळा, केशरी असा सगळा रंग पाण्यात उतरला होता आणि सगळ्या फिती आता एकाच रंगाच्या झाल्या होत्या. त्या रंगाला नाव नाही. पोह्यांवर चुकून चहा सांडला तर तो थोडाफार येतो.

दादा बाथरूमच्या दारात आले. बादलीत वाकून त्यांनी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत बादलीत पाहिलं.

"राहू द्या, जावईबापू," ते म्हणाले. "काही बिघडलं नाही. जुनीच होती." आणि जाऊन पेपर वाचायला लागले.

थोडक्यात सुटलो म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो, तर बायको ओट्याला टेकून उभी.

"ओरडले नाहीत," ती म्हणाली.

"नाही ना. किती समजूतदार माणूस आहे."

"मी लहानपणी त्यांच्या बुटांचं पॉलिश बाहुलीच्या केसांना लावलं होतं, तर इतके ओरडले होते की शेजारच्या क्वार्टरमधली माणसं बाहेर आली. आईवर तर रोजच. आज मेडलं गेली आणि 'राहू द्या' म्हणतात." तिने गॅस बंद केला. "पाहुणा माणूस ओरडत नाही. दादा राहणार नाहीत इथे."

ती नुसती भीती नव्हती. सासूबाई गेल्यावर दादा साताऱ्याला दोन खोल्यांत एकटे होते. एकदा न्हाणीत पाय घसरून पडले, तर दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. त्यानंतर बायको जाऊन त्यांना घेऊन आली. आले ते मुकाट्याने, पण आल्या दिवसापासून एकच सांगत होते: दिवाळी झाली की निघतो. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "छान चाललंय की तुमचं. माझं काय काम?"

छान चाललं होतं, हीच खरी अडचण होती. जावयाने सासऱ्याचा मान ठेवायचा आणि सासऱ्याने जावयाचा, या कामात आम्ही दोघंही इतके पारंगत झालो होतो की घरात कुणाचंच काही चालेना. संध्याकाळी मला आवडतात म्हणून ते टीव्हीवर इंग्रजी बातम्या लावायचे. त्यांना आवडतात असं समजून मी त्या बदलायचो नाही. दोघांनाही नको असलेल्या त्या बातम्या आम्ही तासतासभर मान डोलावत पाहायचो. साताऱ्याला असताना आमटीत गूळ आधी की मीठ आधी यावरून त्यांचा आणि सासूबाईंचा वाद चालायचा, तो सासूबाईंच्या हयातीत मिटला नाही. आमच्याकडे आमटी कशीही झाली तरी ते म्हणायचे, "उत्तम."

आता खालच्या बागेतली गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथे घडलं.

तेव्हा नोएडात रोज संध्याकाळी वीज जायची. सेक्टर नवे, रस्ते रुंद, झाडं कमरेएवढी आणि वीज नाही. दिवे गेले की सगळे खुर्च्या घेऊन ब्लॉकच्या मधल्या बागेत उतरायचे. तळमजल्यावर एक निवृत्त पंजाबी कर्नल राहायचे. आमच्या ब्लॉकमध्ये केबल सगळ्यात आधी त्यांनी घेतली. समोरच्या ब्लॉकमध्ये एक बंगाली गृहस्थ होते, कुठल्याशा मंत्रालयातून निवृत्त झालेले, तोंडात सुपारी आणि प्रत्येक गोष्टीला हरकत. केबलवर अमेरिकन युद्धांचा एक माहितीपट लागला, तो दोघांनीही पाहिला आणि त्या दिवसापासून बागेत एकच विषय सुरू झाला: अमेरिकेच्या सैन्यात आजवर सगळ्यात जास्त पदकं कुणी मिळवली?

कर्नलसाहेबांचा एक माणूस होता, बंगालीबाबूंचा दुसरा. नावं मी मुद्दाम देत नाही. दिली तर आमच्या जुन्या सेक्टरातून अजूनही फोन येतील. कर्नल म्हणायचे, फक्त शौर्याची मोजा. बंगालीबाबू म्हणायचे, छातीवर आहे ते सगळं मोजा. मग प्रश्न निघायचे. दुसऱ्या देशांनी दिलेली मोजायची का? गोळी लागली म्हणून देतात ते मोजायचं का? त्या लढाईत नुसता हजर होता म्हणून मिळालेलं?

मी यात अमेरिकेचा जाणकार म्हणून बसायचो. आमच्या कंपनीचं काम एका अमेरिकन विमा कंपनीसाठी चालायचं आणि मी तिकडे तीन आठवडे जाऊन आलो होतो. त्या तीन आठवड्यांत मी एक हॉटेल, एक ऑफिस आणि स्वस्त बुटांचं एक दुकान पाहिलं होतं. पण बागेत कुणी "आप तो वहाँ रहे हैं" म्हणालं की मी ते खोडून काढत नसे.

दादा कधी खाली आले नाहीत. "ते सगळे ऑफिसर लोक," म्हणायचे, आणि पहिल्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीत अंधारात बसून राहायचे.

चिंचेच्या प्रकारानंतर मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि नव्या फिती आणायला दादांना स्कूटरवरून दिल्ली कँटोन्मेंटच्या बाजारात घेऊन गेलो. नोएडाहून तिथवर स्कूटर म्हणजे पाठीची परीक्षा. दुकानात रंगीबेरंगी फितींची रिळं भिंतीला लटकत होती. दादा बोट दाखवत गेले, दुकानदार कापत गेला. बाहेर येऊन चहा घेताना मी एकेक तुकडा हातात घेऊन विचारलं.

"हे कशाचं?"

"थंडीचं."

"म्हणजे?"

"वर बर्फात होतो. तिथे सकाळी ट्रक सुरू करायचा म्हणजे आधी इंजिनाखाली शेगडी ठेवायची. ती पेटायलाही तयार नसायची."

"आणि हे?"

"नोकरीची वर्षं भरली म्हणून. ते शेजारचं, अजून जास्त भरली म्हणून." मग ते जरा हसले. "हे स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचं. त्या दिवशी जो जो वर्दीत होता त्याला मिळालं. मी तापाने फणफणून पडलो होतो. तरी दिलं."

"आणि लढाईचं?"

"हे. बंद पडलेल्या गाड्या ओढून मागे आणायचो आम्ही. गाडी आणायची, पुन्हा जायचं, दुसरी आणायची." त्यांनी फिती नीट गुंडाळून खिशात ठेवल्या. "सगळी हजेरीची मेडलं, जावईबापू. शौर्याचं एक नाही त्यात."

हे त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी त्यांचा ग्लासही टपरीवर परत नेऊन ठेवला.

परतताना एका सिग्नलला त्यांनी मागून माझ्या हेल्मेटशी तोंड आणलं. "त्या अमेरिकनाचं काय ठरलं?"

"कुठल्या?"

"रोज ओरडता ना खाली सगळे. वर ऐकू येतं."

"अजून काही नाही. कर्नलसाहेबांचं बरोबर वाटतं. फक्त शौर्याची मोजायची."

सिग्नल सुटला. पुढे यमुनेचा पूल आला. पुलावर गाड्या तुंबल्या होत्या, तेव्हा म्हणाले, "जखमेचं मोजायचं नाही?"

"तुम्ही म्हणत असाल तर मोजायचं."

"तसं नव्हे. तुमचं मत काय?"

"तुमचं तेच माझं, दादा."

त्यानंतर घरापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. आपण सासऱ्यांचा किती मान ठेवतो, या विचाराने मी मात्र मजेत स्कूटर चालवत होतो.

घरी आल्यावर बायकोने एकट्याला गाठलं. "काय बोलले वाटेत?" मी सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

"म्हणजे हो म्हणालात."

"मग काय नाही म्हणू? सासरे आहेत माझे."

"माझ्याशी कसं, मी तोंड उघडायच्या आत 'नाही' म्हणता. त्यातलं एखादं त्यांनाही द्या की."

मी मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना दादा म्हणाले, "आज उकडतंय फार." मी छातीवर दगड ठेवून म्हणालो, "छे, चांगलं गार आहे." माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता. दादांनी माझ्याकडे पाहिलं, कप खाली ठेवला, आत गेले आणि स्वेटर घालून आले. दुपारपर्यंत त्यांनी तो काढला नाही. वाद घालायची माझी पहिली खेप ही अशी झाली.

खंडेनवमीला मेडलं नव्या फितींसकट पकडीशेजारी मांडली. दादांनी हळद-कुंकू वाहिलं ते पकडीला आधी.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं. नोएडात आपटा कुठे मिळणार? बागेच्या कुंपणाला कचनारची, म्हणजे आपल्या कांचनाची, झाडं होती. त्याचं पान आपट्याचा थोरला भाऊ शोभावं असं असतं, त्यावर आम्ही दरवर्षी भागवायचो. मी वाकून दादांच्या हातात पान ठेवलं, "दादा, सोनं घ्या" म्हणालो, त्यांनी माझ्या हातात ठेवलं, आणि वीज गेली.

बायको अंधारातच म्हणाली, "दादा, खाली कर्नलसाहेबांना सोनं देऊन येता का? सणाचं चार शेजाऱ्यांना द्यावं." मला वाटलं, नाही म्हणतील. पण सणाचं काम म्हटल्यावर ते उठले, नवा शर्ट नीट केला आणि पानं घेऊन माझ्यामागून उतरले.

"आइए साहब, आइए," कर्नल म्हणाले. सुभेदाराला 'साहब' म्हणायची फौजेची रीत त्यांच्या जिभेवर अजून होती. दादा उभेच राहिले, तेव्हा कर्नलांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. दादा तिच्या टोकावर बसले. पान म्हणजे सोनं, हे मी समजावून सांगितलं. कर्नलांनी ते वरच्या खिशात ठेवलं, बंगालीबाबूंनी हातात धरून उलटसुलट पाहिलं.

तेवढ्यावरून बंगालीबाबूंना आठवलं. कुठूनसं नवं कळलं होतं त्यांना: अमेरिकन सैन्यात तेच पदक दुसऱ्यांदा मिळालं, तर दुसरं पदक देत नाहीत. पहिल्याच्या फितीवर धातूचं एक छोटंसं पान लावतात. त्यांच्या माणसाच्या फितींवर अशी पानंच पानं होती म्हणे. तेव्हा पानं मोजली पाहिजेत.

"पत्ता पत्ता है, मेडल मेडल है," कर्नल म्हणाले.

मला ते पटलं. मनापासून पटलं. "बरोबर आहे," मी मराठीतच बोलून गेलो. "आमच्या विम्याच्या कामातही एकच नोंद दोनदा आली तर ती एकच धरतात. पान म्हणजे नुसती खूण."

"असं कसं?"

दादा बोलले होते.

"कसं म्हणजे काय? मेडल एक, त्यावर पान. मेडलं किती झाली? एक."

"अहो, पण तो माणूस दुसऱ्यांदा गेला होता ना तिकडे?"

"गेला असेल. मेडल एकच आहे."

"दुसऱ्यांदा जाणं अवघड असतं. पहिल्यांदा माणसाला माहीतच नसतं पुढे काय आहे."

इथे गप्प बसायला हवं होतं, पण मला आता चढलं होतं. "ते ठीक आहे, दादा. पण मोजणी म्हणजे मोजणी."

"मोजणी मला शिकवू नका. तुम्ही तिकडे काय पाहिलंत? हॉटेल."

"साहब क्या कह रहे हैं?" कर्नलांनी अंधारातून विचारलं.

"सर, हमारे जमाई साहब कहते हैं कि पत्ता गिनना नहीं है।"

"ठीक ही तो कहते हैं।"

"नहीं सर," दादा म्हणाले. "ग़लत कहते हैं।" आणि उठून उभे राहिले. माझ्याकडे वळले. "मघाशी वर मला काय दिलंत?"

"कधी?"

"मघाशी. वाकून. काय म्हणालात देताना?"

"सोनं."

"आणि हातात काय होतं?"

मी बंगालीबाबूंकडे पाहिलं. अंधारात त्यांचा उपयोग नव्हता. "पान," मी म्हणालो.

"झालं तर. स्वतः मला पान देऊन सोनं म्हणता आणि त्या बिचाऱ्याचं पान मोजत नाही."

"ते धर्माचं आहे. हे हिशेबाचं."

"चिंचेत मेडलं बुडवणाऱ्याने मला धर्म सांगू नये," दादा म्हणाले, आणि मग जे सुटले ते सुटलेच. मेडल साफ करताना फीत आधी काढतात हे शेंबड्या पोराला कळतं. कपाट उघडण्याआधी माणूस विचारतो. चिंचेने पितळ घासतात, माणसाची नोकरी घासत नाहीत. तो इंग्रजी बातम्यांचा माणूस रोज रोज बघून डोकं उठतं. आणि परवा सकाळी मरणाचं उकडत होतं, गार कुठे होतं, तुमच्यापायी मी स्वेटरात दुपारपर्यंत शिजलो.

"किस बात पर है?" कर्नलांनी हळूच विचारलं.

"इमली का कुछ मामला है," बंगालीबाबू म्हणाले. घरातलं सगळं मी आधीच बागेत सांगून बसलो होतो.

मीही गप्प राहिलो नाही. इतक्या बातम्या नको होत्या तर बदलायच्या, रिमोट तुमच्याच हातात असतो, असं मी बरंच जोरात म्हणालो. तेवढ्यात वीज आली. बागेचा दिवा लागला आणि सगळ्यांना दिसलं की सुभेदारसाहेब जावयासमोर बोट नाचवत उभे आहेत आणि जावई कचनारच्या पानाने त्यांना वारंवार काहीतरी पटवून देतोय. एरवी दिवे आले की बाग दोन मिनिटांत रिकामी व्हायची. त्या दिवशी कुणी खुर्ची उचलली नाही.

दादांना दिव्याचं भान आलं. ते बसले, पण आता खुर्चीभर बसले.

"साहब," कर्नल पुढे सरकले, "आपका आदमी कौन-सा है?"

दादांचा माणूस तिसराच निघाला. सगळ्यात जास्त वेळा जखमी झालेला. बाल्कनीत बसून त्यांनी तो केव्हाच ठरवून ठेवला होता.

"गोली लगना कोई बहादुरी थोड़े है। बदक़िस्मती है," कर्नल म्हणाले.

"सर, गोली लगने के लिए वहाँ खड़ा रहना पड़ता है। हाज़िरी भी गिननी चाहिए।"

कर्नलांनी खिशातलं पान काढून पाहिलं आणि परत ठेवलं. मग म्हणाले, "हाज़िरी पर कल बात करेंगे। आज पत्ता तय कर लें।"

पानाचं काही ठरलं नाही. बंगालीबाबूंनी उठता उठता विचारलं, "आप तो दिवाली के बाद जा रहे थे न?"

"यह तय हो जाए," दादा म्हणाले, "फिर देखेंगे।"

ते आणखी थोडं बसणार होते, म्हणून मी एकटाच वर आलो. बायको बाल्कनीच्या कठड्याला टेकून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ऐकायला कान लावायची गरजच नव्हती. तिचे डोळे ओले होते आणि ती हसत होती. माझ्या हातात ते पान अजून तसंच होतं, चुरगळलेलं. मी विचारलं, "आता उद्या सकाळी मी काय करायचं?"

"उकडतंय म्हणाले की गार आहे म्हणा," ती म्हणाली. "स्वेटर मी लपवून ठेवते."